वाचताना सगळं येतं, पेपरात मात्र काहीच उतरत नाही

पत्राचा सारांश: माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गातली एक विद्यार्थिनी लिहिते, ‘विज्ञानाचा प्रत्येक धडा मी किमान तीनदा वाचते. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या, व्याख्या गुलाबी, सूत्रं हिरवी, असं सगळं पुस्तक रंगवलंय. शिवाय सगळ्या धड्यांच्या नोट्स काढल्यात. वाचताना सगळं येतं असं वाटतं. सराव परीक्षेत मात्र ८० पैकी ४६ पडले. पेपर हातात आला की धड्याचं पान डोळ्यांसमोर येतं, आकृती कुठल्या कोपऱ्यात होती तेही दिसतं, पण उत्तर आठवत नाही. घरचे म्हणतात, पहाटे चारला उठून वाच. मैत्रीण म्हणते, नोट्स पुन्हा काढ, जरा छोट्या. परीक्षेला पाच आठवडे उरलेत. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का? रोज किती तास वाढवू?’

प्रिय मैत्रिणी,

आकृती पानाच्या कुठल्या कोपऱ्यात होती हे ज्या मुलीला परीक्षेच्या धांदलीत आठवतं, तिची स्मरणशक्ती कमी आहे असं कोण म्हणेल? तू तीन वेळा जे केलंस, तेच तुझ्या डोक्याने इमानदारीत साठवलं. पान बघितलं की ते ओळखायचं, एवढाच सराव तू त्याला दिलास. परीक्षेत पान समोर नसतं. तिथे कोऱ्या कागदावर उत्तर स्वतः उभं करायचं असतं आणि त्याचा सराव तुझ्या वेळापत्रकात कुठेच दिसत नाही. तीनदा वाचणं, रंगवणं, नोट्स काढणं या तिन्ही वेळी पुस्तक उघडंच होतं.

दुसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण ‘येतं’ म्हणतो. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा फरक नेमका सापडतो. विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा वाचले, तर काही बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचलेले उतारे जास्त आठवले, सुमारे ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं झालं. पुन्हा वाचलेल्यातलं सुमारे ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६. तुझी फसगत त्या पहिल्या पाच मिनिटांत होते. धडा मिटल्या मिटल्या स्वतःला विचारलंस तर सगळं येतंच. आठ दिवसांनी तू विचारतच नाहीस, ते काम थेट परीक्षा करते.

म्हणून ‘किती तास वाढवू?’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. आधी त्या ४६ गुणांच्या पेपराकडे वळू. खरं तर ४६ सोड, गेलेले ३४ बघ. पेपर घेऊन अर्धा तास बस आणि जिथे जिथे गुण गेले तिथे चारपैकी एक अक्षर लिही. आठवलंच नाही तर ‘आ’. आठवलं, पण मुळात कळलंच नव्हतं, तर ‘क’. येत होतं, पण गणितात चिन्ह, एकक किंवा आकडेमोड चुकली, तर ‘ग’. प्रश्न नीट वाचला नाही, ‘कारण द्या’ला व्याख्या लिहिली किंवा दोन फरक मागितले तिथे एकच दिला, तर ‘प्र’. मग बेरीज कर. समजा ‘आ’ १४, ‘क’ ८, ‘ग’ ७ आणि ‘प्र’ ५ निघाले. पहाटे चारला उठून वाचल्याने यातल्या फार तर १४ गुणांना हात लागेल, तोही हलकाच. बाकीच्या २० गुणांचं दुखणं वेगळं आहे आणि औषधही वेगळं. ‘क’ला कुणाला तरी विचारून समजून घ्यावं लागतं, न कळलेलं दहादा वाचलं तरी ते न कळलेलंच राहतं. ‘ग’ला वही-पेन लागतं. ‘प्र’ला घड्याळ लावून पेपर सोडवावे लागतात.

सगळ्यात मोठा ढीग बहुधा ‘आ’चा असेल, म्हणून त्याच्याबद्दल जरा सविस्तर.

धड्यातला दोन-तीन पानांचा एक भाग घे. एकदाच वाच, पण मन लावून. पुस्तक मिट आणि ते हाताशी नको, दुसऱ्या खोलीत ठेव. कोऱ्या कागदावर दहा मिनिटं आठवेल ते लिही. नुसते मथळे नकोत, पूर्ण वाक्यं हवीत. मग पुस्तक आण आणि सुटलेलं व चुकलेलं लाल पेनाने त्याच कागदावर भर.

उदाहरणादाखल हृदयातून रक्ताचा प्रवास घे. पहिल्या प्रयत्नात तू लिहिशील, ‘शरीरातून रक्त हृदयात येतं, फुप्फुसात जाऊन शुद्ध होतं, परत हृदयात येतं आणि शरीराला जातं.’ चूक काहीच नाही, पण पूर्ण गुणही नाहीत. लाल पेनाने भरावं लागेल: महाशिरांतून उजव्या अलिंदात (हृदयाचा वरचा कप्पा), तिथून झडपेतून उजव्या निलयात (खालचा कप्पा), फुप्फुस धमनीतून फुप्फुसांत, फुप्फुस शिरांतून डाव्या अलिंदात, मग डाव्या निलयात आणि महाधमनीतून शरीरभर. भरता भरता तू एका जागी अडखळशील, अडखळायलाच हवं. फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त कसं? धमनीत तर ऑक्सिजनयुक्त रक्त असतं ना? धमनी हे नाव रक्ताच्या प्रतीवरून पडत नाही, दिशेवरून पडतं. हृदयाकडून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. हा घोटाळा तीनदा वाचूनही तुझ्या लक्षात आला नसता, कारण वाचताना डोळा ‘फुप्फुस धमनी’वरून अलगद सरकतो. लिहिताना हात तिथेच थांबतो.

यात गडबड होते ती ठरलेल्या जागी. वीस सेकंद आठवलं नाही की मुलं पुस्तकात डोकावतात. आठवण्याची धडपड हाच तर सराव, तो तिथेच संपतो. निदान दोन मिनिटं अडून बस. दुसरी गडबड म्हणजे कागद लिहिला, पण पुस्तकाशी ताडून पाहिला नाही. मग चुकीचंच पक्कं होतं. आणि तिसरी, पहिल्या दोन दिवसांत कागद अर्धा कोरा राहतो, जीव घाबरतो आणि हात पुन्हा पिवळ्या पेनाकडे जातो. पुन्हा वाचण्यापेक्षा ही पद्धत जड जाते आणि त्या वेळी निरुपयोगी वाटते, हे आधीच माहीत असू दे.

पिवळ्या पेनावर मात्र राग नको. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यात ओळी रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या पद्धती कमी उपयोगाच्या ठरल्या, तर स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागून करणं सर्वात उपयोगी. रंगवायचंच असेल तर कोरा कागद लिहून झाल्यावर रंगव आणि फक्त सुटलेल्या ओळी. मग पुस्तकातले पिवळे पट्टे ‘महत्त्वाचं’ न सांगता ‘मला न येणारं’ सांगतील.

आता मैत्रिणीचा सल्ला. नोट्स पुन्हा काढू नकोस. पाच आठवड्यांतले दोन त्यात जातील आणि हाती पुन्हा एक वाचायची वहीच येईल. आहे त्या नोट्सचं रूपांतर प्रश्नांत कर. वहीचं पान उभं दुमड, डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे दोन-तीन शब्दांत उत्तराची खूण. एका धड्याला दहा-बारा प्रश्न पुरेत. साठ काढणाऱ्या मुलांची वही सुंदर होते आणि तशीच पडून राहते. प्रश्न ‘म्हणजे काय’चे कमी आणि ‘का’, ‘कसं’, ‘काय बदलेल’चे जास्त असू देत. ‘समांतर जोडणी म्हणजे काय?’ याऐवजी ‘३ ओहम आणि ६ ओहमचे रोध समांतर जोडले तर परिणामी रोध ३ ओहमपेक्षाही कमी का?’ असं विचार. (परिणामी रोध २ ओहम येतो. विद्युतधारेला दुसरी वाट मिळाली की एकूण अडथळा कमीच होणार. एकतृतीयांश अधिक एकषष्ठांश म्हणजे एकद्वितीयांश इथपर्यंत येऊन तो अपूर्णांक उलटा करायचा विसरणारे तर वर्गागणिक सापडतात.)

व्याख्या मात्र शब्दाला शब्द पाठ करण्यापेक्षा एक युक्ती वापर. व्याख्येतला एकेक शब्द झाकून बघ, अर्थ कोसळतो का? वेगाच्या व्याख्येतून ‘विशिष्ट दिशेने’ काढलंस की ती चाल होते. ओहमच्या नियमातून वाहकाची भौतिक अवस्था कायम असण्याची अट काढलीस की नियम लंगडा होतो, कारण तार तापली की तिचा रोध बदलतो. जे शब्द काढल्यावर व्याख्या पडते, ते चुकवायचे नाहीत. बाकीची वाक्यरचना तुझी असली तरी चालतं. उलट मूलद्रव्यांच्या संज्ञा, संयुजा (अणूची इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता), एककं आणि सूत्रं यांना इलाज नाही, ती घोकायचीच. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. संयुजा तोंडपाठ नसेल तर रासायनिक सूत्रं प्रत्येक वेळी नव्याने छळतात.

समीकरणं संतुलित करतानाची एक चूक इतकी नेहमीची आहे की ती सांगायलाच हवी. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. मग पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनच्या पायाशी २ लिहून मुलं मोकळी होतात. हिशेब जुळतो, पण पदार्थच बदलतो, ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं. सूत्राच्या पोटातला आकडा बदलायचा नसतो, पुढचा बदलायचा असतो: २ रेणू हायड्रोजन अधिक १ रेणू ऑक्सिजन, तयार झाले २ रेणू पाणी. संतुलन झालं की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्ही बाजूंना मोजून समासात लिही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता ‘ग’. गणितात गेलेल्या गुणांना तू पेपरावर कदाचित ‘सिली मिस्टेक’ लिहिलं असशील. तो शब्द वहीतून हद्दपार कर. त्याने चूक लहान वाटते आणि पुढच्या पेपरात तीच पुन्हा भेटते. एक गणित जवळून बघू. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर २० सेमी, वस्तू ३० सेमीवर, प्रतिमा कुठे? सूत्र असं: प्रतिमेच्या अंतराचा व्यस्त वजा वस्तूच्या अंतराचा व्यस्त बरोबर नाभीय अंतराचा व्यस्त. कार्टेशिअन चिन्हसंकेतानुसार वस्तूचं अंतर उणे ३० घ्यायचं. घाईत ते अधिक ३० घेतलं की १/२० + १/३० म्हणजे ५/६०, उत्तर १२ सेमी. आकडा कसा नीटस आला, म्हणून शंकाही येत नाही. उणे चिन्ह घेतलं तर १/२० − १/३० म्हणजे १/६०, उत्तर ६० सेमी.

आकडेमोड दोन्हीकडे बिनचूक आहे. चूक पकडायची तर किरणाकृतीकडे जावं लागतं. वस्तू नाभीय अंतर आणि त्याच्या दुपटीच्या मध्ये आहे, म्हणजे प्रतिमा दुपटीच्या पलीकडे, ४० सेमीहून लांब पडायला हवी. १२ शक्यच नाही. म्हणून प्रत्येक गणिताचा क्रम असा ठेव: दिलेलं काय, काढायचं काय, सूत्र, चिन्ह आणि एककासह किमती, उत्तर, आणि शेवटी ‘हे शक्य आहे का?’ ही एक ओळ. मिलिअँपिअरचं अँपिअर आणि सेंटिमीटरचं मीटर हे किमती लिहितानाच करून टाक, शेवटी करू म्हटलं की राहतं.

अशा चुकांसाठी एक छोटी वही ठेव. प्रत्येक चुकीला तीन ओळी: काय चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी कुठे थांबून बघायचं. वरच्या गणितासाठी तिसरी ओळ ‘भिंगाचं गणित दिसलं की किमती लिहिण्याआधी वस्तूच्या अंतराला उणे’ अशी होईल. ‘लक्ष द्यायला हवं’ ही तिसरी ओळ नव्हे.

गणितांचा सराव एकाच धड्यातली दहा ओळीने सोडवून करू नकोस. विद्युतधारेच्या स्वाध्यायात बसलेलं असताना कुठलं सूत्र लागणार हे गणित वाचण्याआधीच माहीत असतं. पेपरात ते कुणी सांगत नाही आणि नेमकं तेच ओळखायचा सराव राहून जातो. रोहरर आणि टेलर यांच्या २००७ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी घन आकारांच्या घनफळाची गणितं सोडवली. एकेका प्रकाराची सलग सोडवणाऱ्यांची सरावाच्या वेळी ८९ टक्के बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाल्यांना २० टक्के जमली, मिसळवाल्यांना ६३. तू सहा धड्यांतलं एकेक गणित चिठ्ठ्यांवर लिहून चिठ्ठ्या उचल. धडा पहिल्यांदा शिकताना मात्र सुरुवातीची तीन-चार गणितं सलगच कर. पद्धतच माहीत नसताना मिसळलं तर नुसता गोंधळ होईल.

आकृत्यांचं थोडक्यात. बघून काढलेली आकृती ही चित्रकला झाली. नेफ्रॉन (मूत्रपिंडातली रक्त गाळणारी सूक्ष्म रचना) किंवा किरणाकृती पुस्तक मिटून चार मिनिटांत काढ, नावं दे आणि ताडून बघ. गुण बहुतेक वेळा रेखाटनापेक्षा किरणांवर बाण नसणं आणि नावाची रेष भागाला न टेकता हवेत राहणं यातच जातात.

आता पाच आठवड्यांचं. पहिल्या धड्यापासून सुरू करू नकोस. सगळे तिथूनच सुरू करतात, म्हणून पहिले तीन धडे सगळ्यांचे छान असतात आणि शेवटचे कुणाचेच नसतात. पेपरावर ‘आ’ आणि ‘क’ ज्या धड्यांत जास्त पडले ते आधी घे. पहिले तीन आठवडे रोज दोन बैठका, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या. प्रत्येक बैठकीची पहिली दहा मिनिटं जुन्या प्रश्नांना, मगच नवा भाग. कोऱ्या कागदावर तारीख टाक आणि तोच भाग दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, दहा दिवसांनी पुन्हा विचार. दोन फेऱ्यांत न अडखळता आलेला प्रश्न पुढच्या आठवड्यावर ढकल, अडलेला उद्यावर आण. एखादा दिवस बुडाला तर मागचं सगळं भरून काढायच्या मागे लागू नकोस, फक्त अडलेले प्रश्न पुढे घे. वेळापत्रक मोडलं म्हणून अख्खी योजना सोडून देणं हेच जास्त महागात पडतं.

शेवटचे दोन आठवडे पूर्ण पेपर. आठवड्याला दोन, परीक्षेइतकाच वेळ लावून, मध्ये न उठता. त्याहून जास्त नको, कारण सोडवण्याइतकाच वेळ तपासायला लागतो आणि तपासलेला नाही तो पेपर वायाच. सोडवताना प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मार, ‘स्पष्ट करा’, ‘फरक सांगा’, ‘कारण द्या’. गुण किती आहेत तेही बघ. तीन गुणांच्या उत्तरात तीन वेगळे मुद्दे दिसायला हवेत, एकच मुद्दा तीन वाक्यांत नव्हे. ‘प्र’चे गुण याच दोन सवयींनी परत येतात.

घरच्यांना सांग की पहाटे चारला उठायला हरकत नाही, पण मग रात्री आठला झोपावं लागेल. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि दिवसभरात शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. ती कापून वाढवलेले दोन तास तोट्याचेच. मैत्रिणीबरोबर अभ्यास करायचा असेल तर दोघींनी पुस्तकं मिटून एकमेकींना प्रश्न विचारा, शेजारी बसून आपापलं वाचणं म्हणजे नुसती सोबत. समजावून सांगणारे व्हिडिओ ‘क’साठी चांगले आहेत. फक्त पुढची पायरी दाखवण्याआधी थांबवून ती स्वतः लिहून बघ.

पहिला कागद आजच लिही, सगळ्यात नकोशा वाटणाऱ्या धड्याचा. त्यावर काळ्यापेक्षा लाल शाई जास्त दिसेल. तारीख टाकून तो जपून ठेव आणि दहाव्या दिवशी तोच भाग नव्या कागदावर लिहून दोन्ही शेजारी ठेव. लाल कमी झालं नसेल तर तो भाग ‘आ’चा नाही, ‘क’चा आहे. मग दोन्ही कागद घेऊन शिक्षकांकडे जा. ‘मला हा धडा येत नाही’ म्हणण्यापेक्षा लाल ओळीवर बोट ठेवून ‘इथे अडतं’ म्हणालीस, तर उत्तर पाच मिनिटांत मिळेल.